सोमवारच्या कुस्तीचा जमाखर्च

खासबागेत किंवा गावच्या जत्रेत कुस्त्या लावणाऱ्यांना जोड ठरवता येते, इनाम ठरवता येतं. निकाल मात्र मातीतच लागतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक रेसलिंगचं तसं नाही. तिथे कोण जिंकणार हे कंपनी आधीच ठरवते. फटके बेतून मारलेले असतात, पडणं आणि दुखणं मात्र बऱ्याचदा खरं असतं. केबलच्या काळात डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं खेळत वाढलेल्यांना हे एव्हाना ठाऊक आहे, म्हणून ‘खरं की खोटं’ या जुन्या वादात आपण शिरायला नको. त्याहून गमतीचा प्रश्न असा, की निकाल स्वतःच्या हातात असताना एखादी कंपनी हरते कशी?

वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग, म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यू, या कंपनीने ते करून दाखवलं. १९९६ ते १९९८ या काळात तिने प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफला, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईला, टीव्हीवर सलग ८३ आठवडे मागे टाकलं. पुढे तीन वर्षं पुरती उलटायच्या आत, मार्च २००१ मध्ये, ती त्याच प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. नावं, पट्टे आणि सगळ्या जुन्या चित्रफिती मिळून किंमत आली सुमारे २५ लाख डॉलर. हे कसं घडलं ते समजायला आधी हा धंदा चालतो कसा, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

या धंद्यात विकायचा माल म्हणजे मारामारी नव्हे. माल आहे तो भांडणाचा. दोन माणसांचं वैर निर्माण करायचं, ते आठवडे-महिने तापवायचं आणि ‘आता काय होणार’ या उत्सुकतेचे पैसे घ्यायचे. हे सगळं आखणाऱ्या माणसाला बुकर म्हणतात: कोण कुणाशी लढणार, कोण जिंकणार, विजेतेपदाचा पट्टा कुणाकडे जाणार हे ठरवणारा. प्रेक्षकांनी डोक्यावर घ्यायचा तो ‘फेस’ आणि शिव्या खायच्या तो ‘हील’. चांगला हील मिळणं चांगला फेस मिळण्याहून अवघड असतं, हे या धंद्यातले बरेच जुने लोक सांगतील.

आता पैसा येतो कुठून ते पाहू. पहिली वाट तिकिटांची. दुसरी वाट टीव्हीची, म्हणजे कार्यक्रमाबद्दल वाहिनीने मोजलेली रक्कम आणि जाहिराती. तिसरी म्हणजे टी-शर्ट, मुखवटे, खेळणी, कार्डं. आणि नव्वदच्या दशकातली सगळ्यात जाड वाट होती पे-पर-व्ह्यूची. महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, मोठा कार्यक्रम व्हायचा आणि तो घरबसल्या बघायला केबलवाल्याला वेगळे पैसे द्यावे लागत. त्या काळी एका रात्रीचे साधारण ३० डॉलर. केबलवाले आपला वाटा कापून घेत, तरी उरलेल्या रकमेवर कंपनीचं पूर्ण वर्ष निघे.

या वाटांचं एकमेकींशी असलेलं नातं नीट लक्षात ठेवू या, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. दर आठवड्याचा फुकटातला टीव्ही कार्यक्रम भांडण पेटवायला असतो आणि महिन्याचा विकतचा कार्यक्रम ते मिटवायला. हलवाई चवीला पेढ्याचा तुकडा हातावर ठेवतो, अख्खा खोका नाही. आठवड्याच्या कार्यक्रमात सगळंच वाढून टाकलं, तर रविवारी ३० डॉलर कोण देणार?

पुढचा टप्पा मालकाचा. अमेरिकेत पूर्वी रेसलिंगचे सुभे होते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सच्या छत्राखाली प्रत्येक प्रवर्तकाचा स्वतःचा इलाखा असे आणि दुसऱ्याच्या इलाख्यात सहसा कुणी जात नसे. व्हिन्स मॅकमहन यांनी १९८२ मध्ये वडिलांची कंपनी विकत घेतली आणि हा संकेत मोडला. केबल टीव्हीच्या जोरावर ते देशभर पसरले. मार्च १९८५ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिली रेसलमेनिया झाली. त्यांच्याशी स्पर्धा करता करता कॅरोलायनाच्या जिम क्रॉकेट यांची कंपनी कर्जात गेली आणि नोव्हेंबर १९८८ मध्ये अटलांटाचे वाहिनीसम्राट टेड टर्नर यांनी ती घेतली. तीच डब्ल्यूसीडब्ल्यू.

इथे एक मोठा फरक पडला. मॅकमहन हे रेसलिंग कंपनीचे मालक होते, त्यांना वाहिनीकडे जाऊन वेळ मागावी लागे. टर्नर यांच्याकडे वाहिन्याही होत्या आणि कंपनीही. वेळ घरचीच होती, पैसाही. पण त्यामुळे डब्ल्यूसीडब्ल्यूचं यश मोजायची फूटपट्टी हळूहळू बदलली. तिकिटं किती खपली, रविवार किती विकला, याऐवजी सोमवारचं रेटिंग किती आलं हा प्रश्न मोठा झाला. रेटिंग म्हणजे टीव्ही असलेल्या घरांपैकी शेकडा किती घरांत तो कार्यक्रम चालू होता याचा अंदाज. वाहिनीला रेटिंग हवं असतं, कारण त्यावर जाहिराती मिळतात. रेसलिंग कंपनीला मात्र रेटिंग हे साधन आहे. माझ्या मते डब्ल्यूसीडब्ल्यूच्या निम्म्याहून अधिक चुका या एका गफलतीतून निघाल्या.

सुरुवात मात्र झोकात झाली. एरिक बिशॉफ हे पूर्वीचे निवेदक १९९३ मध्ये कार्यकारी निर्माते झाले. १९९४ मध्ये त्यांनी हल्क होगनला आणलं. ४ सप्टेंबर १९९५ रोजी टीएनटी वाहिनीवर ‘मंडे नायट्रो’ सुरू झाला, नेमका डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’च्या दिवशी आणि वेळी. नायट्रो थेट प्रक्षेपित होई; रॉचे बरेच भाग आधी चित्रित करून ठेवलेले असत. बिशॉफ याचा फायदा घेऊन आपल्या कार्यक्रमात रॉचे निकाल आधीच सांगून टाकत. खिलाडूपणा म्हणाल तर शून्य, पण बाजारात हे चाललं.

मग १९९६ चा उन्हाळा आला. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गाजलेले स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश एकामागोमाग नायट्रोवर असे अवतरले, जणू शत्रुपक्षाने चाल केली आहे. ७ जुलैला त्यांचा तिसरा साथीदार कोण, या प्रश्नाचं उत्तर मिळालं: हल्क होगन. बारा-तेरा वर्षं लहान मुलांना प्रार्थना करा, जीवनसत्त्वं घ्या असं सांगणारा नायक एका रात्रीत हील झाला. न्यू वर्ल्ड ऑर्डर, म्हणजे एनडब्ल्यूओ, ही टोळी जन्मली, काळ्या टी-शर्टांचा खप धो धो सुरू झाला. ८३ आठवड्यांची गोष्ट इथूनच सुरू होते.

भरल्या घरातली पहिली गळती करारपत्रांत होती. जुन्या पद्धतीत रेसलरची कमाई बरीचशी तिकिटविक्रीवर आणि त्याच्या नावाने खपलेल्या मालावर ठरे. डब्ल्यूसीडब्ल्यूने नामवंतांना ठरीव रकमेची हमी दिली: खेळा वा घरी बसा, पैसे मिळणार. माणसं फोडायला हा उपाय उत्तम. पण एकदा हमी मिळाल्यावर गर्दी खेचण्याची घाई राहते कुणाला? त्याहून गंभीर गोष्ट होती होगनच्या करारातली. त्याला ‘क्रिएटिव्ह कंट्रोल’ होता. सोप्या भाषेत, स्वतःच्या लढतीचा शेवट पसंत नसेल तर नकार द्यायचा हक्क. सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. निकाल कंपनीच्या हातात होता असं आपण म्हटलं खरं, पण सही करताना कंपनीने तोच देऊन टाकला होता.

याचे चटके स्टिंगच्या गोष्टीत बसले. स्टिंग हा डब्ल्यूसीडब्ल्यूचा घरचा, रंगीबेरंगी चेहऱ्याचा नायक. एनडब्ल्यूओ आल्यावर त्याने काळापांढरा चेहरा, लांब काळा कोट आणि हातात बॅट असं रूप घेतलं. वर्षभराहून अधिक काळ तो टीव्हीवर एकही लढत लढला नाही, जवळजवळ बोललाही नाही. स्टेडियमच्या छताच्या तुळयांवर उभा राहून खाली बघायचा, एवढंच. प्रेक्षक एकाच गोष्टीची वाट बघत होते: हा खाली उतरून होगनला चितपट कधी करणार? टीव्हीवर इतक्या संयमाने तापवलेली दुसरी गोष्ट मला पटकन आठवत नाही.

उत्तर विकलं गेलं २८ डिसेंबर १९९७ रोजी, ‘स्टारकेड’ या कार्यक्रमात, आणि तो डब्ल्यूसीडब्ल्यूच्या इतिहासातला सर्वाधिक खपाचा पे-पर-व्ह्यू ठरला. आखणी अशी होती, की पंच निक पॅट्रिक होगनच्या बाजूने मुद्दाम घाईघाईने तीन मोजणार, म्हणजे स्टिंग फसवणुकीने हरल्यासारखा दिसेल. मग ब्रेट हार्ट मध्ये पडून लढत पुन्हा सुरू करायला लावील आणि स्टिंग जिंकेल. प्रत्यक्षात पॅट्रिकने मोजलं ते नेहमीच्याच वेगाने. बघणाऱ्यांना दिसलं ते एवढंच, की वर्षभर वाट बघायला लावणारा नायक सरळ हरला आणि मग कुणीतरी उगाच रडगाणं लावलं. मोजणी का चुकली यावर आजही वाद आहेत. पण मला विचाराल तर मोजणी हा दुय्यम मुद्दा आहे. जिथे स्वच्छ विजय हवा होता, तिथे इतका वळणावळणाचा शेवट आखायचाच कशाला? पुढे तर पट्टा काढून घेऊन रिकामा ठेवला गेला आणि फेब्रुवारीत स्टिंगला तो पुन्हा जिंकावा लागला.

त्याच शेवटात ब्रेट हार्टही वाया गेला. दीड महिन्यापूर्वी, ९ नोव्हेंबर १९९७ ला, माँट्रियलमध्ये मॅकमहनने त्याला अंधारात ठेवून निकाल फिरवला होता. रेसलिंग बघणाऱ्या जगाची सहानुभूती त्याच्याकडे होती. असा माणूस डब्ल्यूसीडब्ल्यूच्या दारात आयता आला आणि त्याला पहिल्या मोठ्या रात्री दुसऱ्याच्या भांडणात पंचगिरीचं काम दिलं गेलं. मॅकमहनने मात्र त्याच प्रसंगातून स्वतःला दुष्ट मालकाच्या भूमिकेत उभं केलं आणि आपल्याकडच्या स्टीव्ह ऑस्टिन या रेसलरशी वैर लावून घेतलं. १३ एप्रिल १९९८ ला रॉने ८३ आठवड्यांची साखळी तोडली.

तरीही डब्ल्यूसीडब्ल्यूच्या हातात एक हुकमी पान होतं: बिल गोल्डबर्ग. अटलांटा फाल्कन्सकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला हा माणूस सप्टेंबर १९९७ मध्ये नायट्रोवर आला आणि जिंकतच सुटला. लढती दोन-तीन मिनिटांच्या. विजयांचा आकडा कंपनी सोयीने फुगवत होती, ते ध्यानात येऊनही लोक आनंदाने मोजत होते. होगन विरुद्ध गोल्डबर्ग ही लढत म्हणजे महिनोन्महिने तापवून विकायचा ऐवज.

ती लढत ६ जुलै १९९८ ला झाली, सोमवारी, नायट्रोवर, फुकट. जाहीर केली ती चार दिवस आधी. अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये ४० हजारांच्या आसपास लोक होते, गोल्डबर्ग जिंकला, छप्पर उडायचं बाकी राहिलं. त्या सोमवारी रॉ मागे पडला. मोबदल्यात पे-पर-व्ह्यूचे लाखो डॉलर गेले. सहाच दिवसांनी कंपनीचा स्वतःचा पे-पर-व्ह्यू होता. त्यात नव्या विजेत्याला कर्ट हेनिगशी लढायला लावलं आणि होगन बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमनसोबत दुसऱ्याच लढतीत होता. कुणी म्हणेल, तो क्षण टीव्हीवर लाखोंनी पाहिला म्हणून गोल्डबर्ग आणखी मोठा झाला. झाला असेल. पण मोठं करून पुढे काय विकायचं, याची तजवीज कुणीच केली नव्हती.

मग २७ डिसेंबरला गोल्डबर्गची विजयमालिका केव्हिन नॅशने तोडली, तीही स्कॉट हॉलने विजेचा झटका देऊन. ४ जानेवारी १९९९ ला पुन्हा जॉर्जिया डोममध्ये त्यांची फेरलढत जाहीर झाली. प्रेक्षक जमले आणि गोल्डबर्गला कथेतल्या एका खोट्या आरोपावरून पोलिसांनी नेलं. त्याच्याऐवजी होगन आला. त्याने नॅशच्या छातीला एक बोट लावलं. नॅश गोळी लागल्यासारखा कोसळला आणि होगन विजेता झाला. एनडब्ल्यूओ हसत सुटली. तिकीट काढून आलेल्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली.

त्याच रात्री निवेदक टोनी शियावोनी याला वरून सूचना आली, की रॉचा चित्रित निकाल सांगून टाक. त्याने सांगितलं, की तिकडे मिक फोली जिंकणार आहे, आणि त्यावर टोमणाही मारला. जुनीच युक्ती. या वेळी मात्र लाखो प्रेक्षकांनी तत्क्षणी वाहिनी बदलली, कारण वर्षानुवर्षं मार खाऊन उठणारा फोली जिंकताना त्यांना बघायचा होता. साडेचार वर्षांपूर्वी हा फोली डब्ल्यूसीडब्ल्यूकडेच होता, कॅक्टस जॅक या नावाने.

हा टप्पा तर हळहळण्याचाच आहे. स्टीव्ह ऑस्टिन दुखापतीने घरी असताना १९९५ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूने त्याला काढलं. तोच ‘स्टोन कोल्ड’ होऊन त्यांच्यावर उलटला. डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रिपल एच आणि अंडरटेकर हे बडे रेसलरही आधी इथे काम करून गेलेले. ख्रिस जेरिको ऑगस्ट १९९९ मध्ये रॉवर गेला, जानेवारी २००० मध्ये एडी गरेरोसह चौघे एकदमच गेले. वरच्या जागा हमीच्या करारांनी अडवलेल्या. खालच्याला वर यायला वाव नाही. रे मिस्टेरिओचा तर फेब्रुवारी १९९९ मध्ये मुखवटाच उतरवला. जो मुखवटा मुलं हट्ट करून विकत घेतात तो काढून फेकायचा, याला काय म्हणावं? डब्ल्यूडब्ल्यूईने २००२ मध्ये त्याला मुखवट्यासह आणलं आणि ते मुखवटे भरभरून विकले.

पुढचं वर्ष-दीड वर्ष मी भरभर सांगतो, कारण त्यातून शिकण्यासारखं थोडंच आहे. बिशॉफ गेले, बुकर म्हणून व्हिन्स रूसो आले, बिशॉफ परत आले. एप्रिल २००० मध्ये डेव्हिड आर्केट या सिनेनटाला जगज्जेता केलं, का तर कंपनीशी संबंधित एका चित्रपटाची जाहिरात व्हावी म्हणून. त्या वर्षीचा तोटा सहा कोटी डॉलरच्या घरात गेला.

आता शेवटचा व्यवहार, आणि इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. डब्ल्यूसीडब्ल्यू तोट्यामुळे मेली असं म्हणतात. तोटा होताच, पण गिऱ्हाईकही होतं. बिशॉफ आणि फ्यूझियंट मीडिया व्हेंचर्स यांनी जानेवारी २००१ मध्ये खरेदीचा सौदा जाहीर केला होता. दरम्यान टर्नर यांची कंपनी आधी १९९६ मध्ये टाइम वॉर्नरमध्ये आणि मग एओएल-टाइम वॉर्नरमध्ये विरघळली, आणि खुद्द टर्नर यांच्या शब्दाला तिथे वजन राहिलं नाही. मार्चमध्ये वाहिन्यांचे नवे प्रमुख जेमी केलनर यांनी ठरवलं, की टीएनटी आणि टीबीएसवर रेसलिंग नको. वेळच गेल्यावर फ्यूझियंट मागे सरली. टीव्हीवर जागा नसलेली रेसलिंग कंपनी म्हणजे पट्टे, नावं आणि फिती. तेवढ्याचा उपयोग असलेला एकच माणूस उरला होता, कारण त्याच्याकडे स्वतःची वेळ होती. २६ मार्च २००१ ला फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचवर शेवटचा नायट्रो झाला. पडद्यावर मॅकमहन होते.

आपल्याला वाटेल, चुका संपल्या. पण जिंकणाऱ्यानेही एक मोठी संधी घालवलीच. डब्ल्यूसीडब्ल्यू विरुद्ध डब्ल्यूडब्ल्यूएफ या लढाईची स्वप्नं लोक पाच वर्षं बघत होते. जुलै २००१ मधल्या ‘इन्व्हेजन’, म्हणजे आक्रमण, या पे-पर-व्ह्यूला रेसलमेनिया सोडून क्वचितच मिळावा असा खप मिळाला. पण होगन, नॅश, गोल्डबर्ग, स्टिंग आणि रिक फ्लेअर त्यात नव्हतेच. त्यांचे हमीचे करार एओएल-टाइम वॉर्नरशी होते. ते सोडून यायचं तर मॅकमहनने मोठी भरपाई द्यायला हवी होती, आणि त्यांनी ती दिली नाही. घरी बसून पूर्ण पगार मिळत असताना कोण उठेल? शेवटी आक्रमकांचा म्होरक्या म्हणून ऑस्टिनला उभं करावं लागलं, म्हणजे घरचाच माणूस. नोव्हेंबरात प्रकरण गुंडाळलं.

गंमत म्हणजे फ्लेअर दुसऱ्याच दिवशी रॉवर आला, होगन आणि नॅश फेब्रुवारी २००२ मध्ये, गोल्डबर्ग २००३ मध्ये. भरपाईचा खर्च वाचला, पण सगळे एकाच वेळी एका बाजूला उभे असते तर काय विकता आलं असतं, त्याचा हिशेब मांडायची सोय राहिली नाही. स्टिंग तर डब्ल्यूडब्ल्यूईत उगवला थेट २०१४ च्या नोव्हेंबरात.

आणि ज्या वाहिनीला रेसलिंग नको झालं होतं, त्या टीएनटीने ऑक्टोबर २०१९ मध्ये एईडब्ल्यू या नव्या कंपनीला आठवड्याची वेळ दिली. तोवर बाजार पालटला होता. मालिका-सिनेमे लोक हवे तेव्हा बघू लागले होते, त्यामुळे त्याच वेळी बघावं लागणाऱ्या थेट कार्यक्रमाचा भाव चढला. पे-पर-व्ह्यूची वाट बारीक झाली आणि प्रक्षेपणाच्या हक्कांची वाट तिच्या कितीतरी पट रुंद. जानेवारी २०२५ पासून रॉ नेटफ्लिक्सवर दिसतो. करार दहा वर्षांचा, रक्कम ५०० कोटी डॉलरच्या वर. केलनर यांनी २००१ मध्ये सोमवारचे ते तास बंद केले, तेव्हा असे तास पुढे एवढ्या भावाने जातील हे टर्नर यांच्या इमारतीत कुणी बोललं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. फिती मात्र आज, शेवटच्या रात्रीच्या नायट्रोसकट, डब्ल्यूडब्ल्यूईच्या ताब्यात आहेत.